एक्क्याण्णव की पंच्याण्णव

३ फेब्रुवारी

ती. काका,

वाकून नमस्कार. पत्र पाहून दचकू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण मागच्या खेपेला मी तुमच्याशी अर्धा तास बोलले आणि शेवटी तुम्ही विचारलंत, "कोण बोलतंय?" तेव्हापासून आईने जाहीर केलंय की भावोजींशी कामाचं बोलायचं तर कागदावर. कागदाला आपल्याकडे तोटा नाही. हा काचांच्या मध्ये घालायचा कागद आहे, म्हणून पेन जरा अडखळतंय.

बातमी अशी की बाबांनी काचेचं दुकान माझ्या हाती सोपवलंय. सोपवलंय म्हणजे पाटीवर माझं नाव आलंय आणि बाबा काउंटरमागच्या स्टुलावर बसून मी घेतलेल्या प्रत्येक मापावर पुन्हा पट्टी लावतात. तरी मी गप्प असते, कारण मला पहिलं मोठं काम मिळालंय. टेकडीवरच्या शाळेची एकशे बेचाळीस तावदानं बदलायची आहेत, तीही पंधरा एप्रिलच्या आत, नवं सत्र सुरू व्हायच्या आधी. आरसे आणि फोटोच्या चौकटी करून माझा जीव विटला होता. हे काम नीट झालं तर लोक आपल्याला पुन्हा काचकाम करणारे म्हणून ओळखतील.

घोडं अडलंय ते ढब्बीपाशी. आपली पिकअप आता पंचवीस वर्षांची झाली, पण तिच्या पाठीवर काचा उभ्या ठेवायचा लोखंडी सांगाडा बाबांनी स्वतः जोडलाय. तसा सांगाडा भाड्याच्या गाडीत मिळत नाही, आणि आडव्या ठेवलेल्या काचा टेकडीवर पोचेपर्यंत भुगा होतील. सपाटीवर ढब्बी लोण्यासारखी चालते. टेकडीचा चढ लागला आणि मागे काचांचं ओझं असलं की दुसऱ्या वळणापासून आवाज सुरू. डब्यात खिळे घालून कोणी हलवावेत तसा. मी घाबरून अर्ध्यातून परत आले.

पंपावर तीन नळ्या आहेत: एक्क्याण्णव, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव. पंपावरचा माणूस म्हणतो, "ताई, अठ्ठ्याण्णव टाका, जोर येतो." गॅरेजवाले मिस्तरी म्हणतात, त्याचं काही ऐकू नका. बाबांनी तर टाकीच्या झाकणाआत पांढऱ्या रंगाने लिहूनच ठेवलंय, "९१ फक्त", कारण गाडीच्या पुस्तकात तसं आहे. मी कोणाचं ऐकू? तुम्ही बावीस वर्षं पोरांना इंजिनं शिकवताय. एका शब्दात सांगा.

तुमची,
भिंगरी


१० फेब्रुवारी

चि. भिंगरी,

भरपूर आशीर्वाद. एका शब्दात सांगता आलं असतं तर मला बावीस वर्षं पगार कोणी दिला असता? आता बस आणि ऐक.

पंपावरचा आकडा हा ताकदीचा आकडा नाही. हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि पोरं दरवर्षी ते वहीत उतरवून घेतात, बाहेर जातात आणि फटफटीत अठ्ठ्याण्णव ओततात. तो आकडा सबुरीचा आहे. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते. दाबलं की ते तापतं. मग ठिणगी पडते आणि आग एका बाजूने शिस्तीत पसरत जाते. तिकडच्या कोपऱ्यातल्या मिश्रणाने आपली पाळी येईपर्यंत गप्प बसायचं असतं. लहान आकड्याचं पेट्रोल उतावळं. दाब त्याच्या सोसण्यापलीकडे गेला की आग पोचायच्या आधीच ते कोपऱ्यात आपणहून भडकतं. तुझी खिळ्यांची खडखड ती हीच. मोठ्या आकड्याचं पेट्रोल जास्त दाब निमूट सोसतं, बाकी त्यात काही जादू नाही.

म्हणून ज्या इंजिनात दाबच कमी, त्याला महागडं अठ्ठ्याण्णव पाजणं म्हणजे मला कानात कुजबुजून गोष्ट सांगण्यासारखं. वाया. आकडा निवडायचा तो पंपावरच्या माणसाला विचारून नाही, इंजिन ज्याने बनवलं त्याला विचारून, म्हणजे पुस्तक उघडून. ढब्बीच्या पुस्तकात एक्क्याण्णव आहे. तेव्हा एक्क्याण्णव.

खडखड होते ती कार्बनमुळे असणार. जुन्या इंजिनात काजळीचे थर बसतात. मिस्तरीकडून कार्बन साफ करून घे, प्लग बदल, थंड करायचं पाणी तपास, टायरमधली हवा बघ. चढाला आधीच खालच्या गिअरमध्ये जा.

आणि एक सुचवू का? तिचंही वय झालंय. टेकडीच्या कामाला एखादी मोठी गाडी ठरवून सांगाडा त्यात हलवता आला तर बघ. ढब्बीला जवळपासच्या फेऱ्यांना ठेव. तुझी काकू विचारते, आरशाचा एक तुकडा येताजाता कोणाबरोबर पाठवता येईल का, तिचा पडला. दादाला नमस्कार सांग.

तुझा,
काका


२४ फेब्रुवारी

ती. काका,

नमस्कार. तुमचं पत्र मी मिस्तरींना वाचून दाखवलं. त्यांनी हात पुसून ते स्वतः परत वाचलं आणि म्हणाले, "माणूस शिकवतो झकास." काकूंचा आरसा मी कापून गुंडाळून ठेवलाय.

तुम्ही सांगितलेलं सगळं केलं. वरून औषध ओतून कार्बन साफ केला. प्लग नवे. पाणी बरोबर. टायर बरोबर. सांगाडा हलवायचा विचार केला, पण तो ढब्बीच्या पाठीला असा जोडलाय की काढायचा तर कापावा लागेल. मग पुन्हा वीस काचा भरून टेकडी चढले. दुसरं वळण आलं आणि खिळे सुरू. मी पुन्हा परत. काचा उतरवताना बाबा दारात उभे होते. ते म्हणाले, "आला ना?" मी म्हटलं, "काय?" ते म्हणाले, "आवाज."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. काच कापता कापताच सांगितली, मान वर न करता. तुम्हाला ती माहीत असेल, मला नव्हती. बावीस वर्षांपूर्वी त्याच टेकडीवरच्या रुग्णालयाच्या सगळ्या खिडक्यांचं काम बाबांना मिळालं होतं. गाडी तेव्हा तीन वर्षांची. पहिल्याच फेरीला दुसऱ्या वळणावर हा आवाज आला. त्या आधी तीन वर्षं तोच चढ ते चढत होते, कधी नव्हता आला. मिस्तरींनी प्लग पाहिले, तार पाहिली, ठीक. तुम्हाला विचारलं, तुम्ही लिहिलंत कार्बन आहे, काळजी नको. कार्बन काढला, आवाज राहिला. तेव्हा बाबांनी ठरवलं की गाडीत दोष नाही तर दोष आपल्यात असणार. आपल्याला गाडी दाबून चालवायची खोड लागली असेल, किंवा कानाला नसलेलं ऐकू येत असेल. मागे काचा घेऊन गाडी चढावर बंद पडली तर, या धास्तीने त्यांनी रुग्णालयाचं काम सोडून दिलं. ते दुसऱ्या काचवाल्याने केलं. त्यानंतर बाबा टेकडीवर गेलेच नाहीत.

काका, मला वाटायचं बाबा मुळातच भित्रे आहेत. मापावर चार वेळा पट्टी लावणारे. आई म्हणते छे, लग्न झालं तेव्हा हा माणूस शीळ घालत एका हाताने गाडी हाकायचा, मलाच भीती वाटायची.

आता ऐका. बाबा म्हणतात, "तेव्हा माझा हात होता, आता तुझा आहे. घराण्याचाच गुण दिसतो." पंधरा मार्चपर्यंत वाट बघणार, मग मुख्याध्यापिका बाईंना फोन करून काम परत देणार, आणि ढब्बी भंगारवाल्याला. भंगारवाला येऊन बघूनही गेला. एकदा काम परत दिलं की या गावात मला दुसरं कोणी देणार नाही, हे मला बाबांकडे बघून कळतं. तुम्हाला आणखी काही सुचत असेल तर लिहा. काहीही.

भिंगरी


२ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद. टाकी जवळजवळ रिकामी होऊ दे. मग पंच्याण्णव भर. अठ्ठ्याण्णवची गरज नाही. ओझं घेऊन टेकडी चढ, आवाज येणार नाही.

जुन्या इंजिनांच्या काही खोडी असतात, त्यात खोलात जाऊ नकोस. दादाला मुद्दाम सांगायला नको, त्याने झाकणात हौसेने लिहिलंय, त्याला वाईट वाटेल. भंगारवाल्याला थांबव.

बोटं दुखतायत म्हणून आखूड लिहितो.

काका


१४ मार्च

ती. काका,

नमस्कार, आणि तुमच्या बोटांना माझ्याकडून तेल.

आवाज गेला! वीस काचा घेऊन पहिलं वळण, दुसरं वळण, तिसरं, आणि ढब्बी नुसती घुमत वर. मी काच खाली करून कान बाहेर काढला होता. शाळेच्या फाटकात पोचल्यावर मी स्टीअरिंगवर डोकं टेकून रडले, हे कोणाला सांगू नका. तीन फेऱ्यांत साठ तावदानं वर गेली. दोन वर्ग बसवूनही झाले.

पण चोरी लपते किती? चौथ्या फेरीला बाबा म्हणाले, मी येतो. आजवर कधी आले नव्हते. पंपावर मी एक्क्याण्णवच्या नळीपुढे जरा घुटमळले, पण वीस काचा मागे होत्या. पंच्याण्णव भरलं. बाबा बघत होते. त्यांनी झाकणातली आपली अक्षरं बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि गाडीत जाऊन बसले. चढ लागला तसे त्यांनी दोन्ही हातांनी समोरची पट्टी धरली. दुसरं वळण गेलं. काही नाही. मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत. वर पोचल्यावर एक एक काच उतरवून भिंतीला लावली.

संध्याकाळी पुस्तक काढलं. म्हणाले, "पुस्तक खोटं नाही. पहिली तीन वर्षं मी याच चढावर एक्क्याण्णववर गाडी नेलीय. तेव्हा पुरत होतं आणि आता पंच्याण्णव लागतं, म्हणजे आतलं इंजिन पुस्तकातलं राहिलेलं नाही. मध्ये कोणीतरी ते उघडलंय आणि मला सांगितलं नाही." त्यांच्या हिशेबात गाडीला हात लावणारा माणूस एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅरेजमध्ये गेले आणि गिऱ्हाइकांदेखत मिस्तरींना वाटेल ते बोलले. पंचवीस वर्षांचे मित्र, काका. रोज संध्याकाळी दोघं गॅरेजच्या पायरीवर बसतात. मिस्तरी फक्त एवढंच म्हणाले, "काचवाले, तुमच्या इंजिनाचं हेड, वरचं झाकण, मी आजवर उघडलेलं नाही. उघडू देत असाल तर येत्या अठ्ठावीसला उघडतो. ज्याने आत हात घातलाय त्याची खूण सापडेल." बाबा म्हणाले उघडाच. तेव्हापासून त्या गल्लीतून जात नाहीत, लांबचा वळसा घेतात. आई म्हणते, साप साप म्हणून भुई धोपटतायत.

मला एक कळत नाही. दहा फेब्रुवारीला तुम्ही पुस्तक, पुस्तक करत होतात. दोन मार्चला पुस्तक बाजूला ठेवून बरोबर पंच्याण्णव सांगितलंत, अठ्ठ्याण्णवही नाही. बाबांनीही मला हेच विचारलं: "तुझ्या काकाला कसं कळलं?" मी म्हटलं, शिक्षक आहेत. तुम्हाला काही ठाऊक असेल तर अठ्ठावीसच्या आत लिहा. माझ्यासाठी नाही, मिस्तरींसाठी.

भिंगरी


२० मार्च

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. हे पत्र भिंगरीला नाही, तुला आहे. बावीस वर्षांपूर्वी तुला दोन ओळींचं पत्र लिहिलं होतं, ते खोटं होतं. त्यानंतर तुला सरळ लिहायचा मला धीर झाला नाही, वहिनींच्या आणि भिंगरीच्या पत्रात तुला नमस्कार टाकत राहिलो.

मिस्तरीने काही केलेलं नाही. इंजिन मी उघडलं. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचायच्या आधी तू उठून त्याच्याकडे जाऊन येशील.

या नोकरीच्या मुलाखतीला मी तुझी गाडी मागून आणली होती. तू टाकी भरून दिलीस आणि म्हणालास, घाई करू नकोस. अर्ध्या वाटेवर पाण्याचा पाइप फुटला. काटा लाल पट्ट्यात गेलेला मी पाहिला. पाहिला, दादा. तासभर थांबून गाडी गार होऊ दिली असती तर काही झालं नसतं. पण मुलाखत अकराला होती. मी काट्याकडे बघायचं सोडलं आणि तशीच हाकली. इंजिनं शिकवायच्या नोकरीसाठी मी एक इंजिन भाजून काढलं. वर मुलाखतीत त्यांनी विचारलं, चालवताना गाडी तापली तर आधी काय कराल? मी ताठ बसून सांगितलं, ताबडतोब बाजूला घेऊन बंद करीन. नोकरी मिळाली.

गाडी संस्थेच्या आवारातच बंद पडली होती. हेड वाकलं होतं. तुला कळवलं की आठवडाभर ठेवतो, सर्व्हिसिंग करूनच देतो. रुजू झालो त्याच आठवड्यात ते हेड मी संस्थेच्या मशीनवर सपाट करायला घेतलं. मशीन नवं होतं, मला सराव नव्हता, आणि नवा शिक्षक म्हणून कोणाला विचारायची लाज वाटली. पहिला काप तिरका गेला. तो सरळ करायला दुसरा घेतला, मग तिसरा. केसभर काढायचं तिथे दीड मिलिमीटर गेलं. हेड खाली बसलं, आतली जागा आकसली, दाब वाढला. एक्क्याण्णवने तो सोसवणार नाही हे मला कळायला हवं होतं. सपाटीवर चालवून पाहिली, गोड चालली, मी डोळे मिटून घेतले. परत द्यायला आलो तेव्हा तू आईसमोर म्हणालास, "धाकटा असून थोरल्याची गाडी सांभाळतो." मी मान खाली घालून उभा होतो. तुला वाटलं लाजलो.

मग तुझं पत्र आलं की चढावर आवाज येतो. वाचताक्षणी मला कारण कळलं. पंच्याण्णव टाक, एवढंच लिहायचं होतं. पण तू "का?" असं विचारल्याशिवाय काही घेत नाहीस. म्हणून मी कार्बन लिहिलं. वाटलं, एका आवाजाने काय बिघडतंय. रुग्णालयाचं काम तू सोडलंस हे वहिनींकडून पुढच्या वर्षी कळलं, तेव्हाही मी स्वतःची समजूत घातली की त्याला नकोच असेल. तू स्वतःच्या हाताला दोष दिलास हे मला यंदाच्या फेब्रुवारीत कळलं, भिंगरीच्या पत्रातून. त्या आधी दोनच आठवडे मी तिलाही कार्बन लिहून मोकळा झालो होतो. तुझ्याच पोरीला, तेच खोटं. मला माझीच किळस आली, तरीही मी तिला नुसता आकडा कळवला आणि कारण गिळलं.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दरवर्षी फळ्यावर तो धडा लिहिताना मला तुझी गाडी दिसते. या एकतीसला मी निवृत्त होतोय. हार घालतील, दोन शब्द बोलतील, कामाशी प्रामाणिक म्हणतील. मला ते ऐकू येणार नाही हे एका अर्थी बरंच आहे.

क्षमा कर असं म्हणायचा तोंडाला अधिकार नाही. तू दिलेली शिक्षा मला मान्य आहे. पत्राचं उत्तर दिलं नाहीस तरी समजेन.

तुझा धाकटा


३० मार्च

ती. काका,

नमस्कार लिहिते, कारण न लिहिण्याइतकी मी अजून मोठी झालेली नाही.

तुमचं पत्र बाबांनी काउंटरशी उभ्यानेच वाचलं. पहिलं पान संपल्यावर ते तसंच हातात घेऊन चपला न घालता गॅरेजला गेले. मी मागून गेले. त्यांनी कागद मिस्तरींच्या पुढे धरला. मिस्तरींनी वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "बसा, पाय भाजले असतील." दोघं पायरीवर बसले. बाबा म्हणाले, "मी सगळ्यांसमोर बोललो होतो." मिस्तरी म्हणाले, "मग सगळ्यांसमोर चहा पाजा." मला तिथे उभं राहवेना, मी दुकानात परतले.

हेड उघडलं नाही. मिस्तरी म्हणाले, एक तर हेडखाली जाड गॅस्केट घालून आतली जागा वाढवू, नाहीतर पंच्याण्णव भरत राहा, इंजिनाला काही धोका नाही. बाबांनी झाकणातलं पांढरं खरवडून काढलं आणि नवा आकडा लिहिला. खाली "फक्त" लिहिलंय, ते काही सुटत नाही.

आता माझं. तुम्ही बाबांची क्षमा मागितलीत, माझा उल्लेख एका ओळीत केलात. मी तुमचं ते पहिलं पत्र पाकिटात घालून जपून ठेवलं होतं, काका. माझ्या मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं. माझे काका बघा कसं समजावून सांगतात. अजूनही मला त्यातलं काही खोटं सापडत नाही, फक्त तो कार्बनचा परिच्छेद सोडून. त्याचाच राग येतो. तुम्हाला सगळं येतं आणि तरी तुम्ही असं केलंत. मी रागावलेय, आणि हे तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय. काकूंचा आरसा मात्र पाठवलाय, त्यांचा काय दोष.

बाबा तुमच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आई म्हणते, हे लक्षण चांगलं नाही, आदळआपट केली असती तर बरं होतं. तुमचं पत्र त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं. शाळेची एकशे चार तावदानं झाली, खालची सहा आणि वरच्या मजल्यावरची मोठी राहिली आहेत. मोठी आम्हा दोघांना झेपत नाहीत, आणि दिवस उरलेत पंधरा. यापुढे मला काही सांगता येत नाही.

भिंगरी


५ एप्रिल

चि.,

आशीर्वाद लिहायला हात धजत नव्हता, तरी लिहितो.

तुझं पत्र पाच वेळा वाचलं. गाडी तापवलीस ते मी सोडून दिलं. माणूस घाईत काय करील याचा नेम नाही. हेड जास्त कापलंस तेही सोडलं. माझ्या हातून काय कमी काचा वाया गेल्यात? पण कार्बन लिहिलंस ते सोडवत नाही.

मला आवाज ऐकू आला होता. मी सांगत होतो की आत काहीतरी बिघडलंय. मिस्तरी नाही म्हणाला, त्याला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तू नाही म्हणालास तेव्हा मी माझ्या कानाला खोटं ठरवलं. आपला भाऊ शिकलेला, तो कशाला चुकेल. मग एकदा कान खोटा ठरला की डोळ्यावरही भरवसा राहत नाही. मी मापं पुन्हा पुन्हा घेऊ लागलो. पोरीला सायकल शिकवताना मागची सीट सोडली नाही, शेवटी ती शेजाऱ्याकडून शिकली. तिला हे शाळेचं काम मिळालं तेव्हा शाबास म्हणायच्या आधी मी म्हणालो, झेपेल का? माझा कान बरोबर होता. बावीस वर्षं बरोबर होता.

काल गाडी मी चालवत नेली. दुसऱ्या वळणावर थांबलो, जिथून तेव्हा परत फिरलो होतो. उतरून उभा राहिलो. तुझा राग येत होता, इतका की कठडा धरावा लागला. भिंगरी गाडीत बसून होती. तिथून वर गेलो आणि खालची राहिलेली सहा तावदानं बसवली.

वरच्या मजल्यावरची बत्तीस राहिलीत. माणसाच्या उंचीची आहेत, दोघांनी दोन टोकं धरायची आणि तिसऱ्याने आतून चौकटीत घ्यायची. आत भिंगरी असते. माझ्यासमोर दुसऱ्या टोकाला माणूस नाही. तू आता रिकामा आहेस. पत्र मिळेल त्या दिवशीच्या गाडीने ये. जाड हातमोजे आण, इथले तुला होणार नाहीत. वहिनीने तुझं अंथरूण माझ्याच खोलीत घातलंय, मी नको म्हणालो नाही.

आल्यावर लगेच माफी मागत बसू नकोस. काच हातात असताना बोलायचं नसतं. बत्तीसच्या बत्तीस बसू देत. मग मला तुझ्यावर रागवायचं आहे. मी चार दिवस प्रयत्न केला, कागदावर मला ते जमत नाही. समोर ये.

दादा